पानगळ, भोपळा आणि एक गाळणे

यजमान गेल्यानंतरचा पहिला पावसाळा मी सांगलीत एकटीने काढला. दशलक्षण पर्व झाले आणि मुलाने तिकडून तगादा लावला, ‘आई, आता तरी ये.’ चातुर्मासात इतका दूरचा प्रवास मनाला रुचत नव्हता. पण रिकाम्या घराचीही सवय होईना. अखेर 2024 च्या सप्टेंबरअखेर मी न्यू जर्सीला पोचले. बॅगेत भाजणी होती, मेतकूट होते, नातवंडांसाठी परकर-पोलके आणि सदरा होता. आणि सर्वांत तळाशी, घडी न मोडलेले, पांढऱ्या मांजरपाटाचे एक कापड होते.

त्या कापडाविषयी आधी सांगितले पाहिजे. आमचे दुकान सांगलीच्या कापडपेठेत. दरवर्षी आषाढात, चातुर्मासापूर्वी, यजमान नव्या ताग्यातून घरासाठी पाणी गाळण्याचे कापड काढीत. हे काम त्यांनी कधी नोकरावर सोपवले नाही. गज टेकवून माप घ्यायचे, माप संपले की बोटभर पुढे सरकायचे, काठाला कात्रीने जरासा छेद द्यायचा आणि दोन्ही हातांनी एका दमात कापड फाडायचे. मांजरपाट सुताला सूत धरून फाटते. कात्रीने कापलेले तितके सरळ कधीच येत नाही. 2023 च्या आषाढात त्यांनी अशी दोन गाळणी काढली. एक वापरता वापरता विरले. दुसरे कपाटातच राहिले आणि त्या हिवाळ्यात ते स्वतः गेले. ते दुसरे गाळणे वापरायला माझा हात धजत नव्हता, आणि मागे ठेवून यायलाही मन तयार नव्हते.

न्यू जर्सीत पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच मुलाच्या घरासमोरच्या रस्त्याने फिरायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. समोरच्या घराच्या हिरवळीवर कबरीचे दगड उभे केले होते. एका झाडाला पांढरा सांगाडा टांगलेला, दुसऱ्या दारात कवट्यांची माळ. माझ्या मनाची त्या दिवसांतली अवस्था वाचकांना सांगायला नको. ज्या घरातून वर्षाच्या आत माणूस गेले आहे, त्या घरच्या बाईला हा खेळ वाटणे शक्य नव्हते. मी सूनबाईला म्हटले, ‘ही माणसे मरणाची थट्टा का करतात?’

तिने मला शांतपणे बसवून सर्व सांगितले. 31 ऑक्टोबरच्या रात्री येणारा हा हॅलोविन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिथले प्राचीन केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा सुरू होताना ‘साविन’ नावाचा सण पाळीत. त्या रात्री जिवंत आणि मृत यांच्यामधला पडदा विरळ होतो अशी त्यांची समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणून या रात्रीला आजचे नाव मिळाले. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात तिथले लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले, तेव्हा त्यांना इथला भोपळा सापडला. तो मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून दिवा भोपळ्यात गेला. आज मुले सोंगे घेऊन दारोदार फिरतात आणि घरोघर त्यांना गोळ्या-चॉकलेटे मिळतात.

ऐकून राग थोडा निवळला, पण मन मानेना. शिवाय व्यापाऱ्याच्या घरात आयुष्य गेलेले; तेव्हा दुकानांतला तो पसारा पाहून हिशेब आपोआप सुरू झाला. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय महासंघाने 2023 मध्ये या एका सणावरचा खर्च 12 अब्ज डॉलरच्या वर जाईल असा अंदाज दिला होता, असे मुलाने सांगितले. त्यात प्लास्टिकचे सांगाडे किती आणि कोरून चार दिवसांत कुजलेले भोपळे किती, हे प्रत्येकाने आपले आपण समजावे. मी जेवताना सर्वांसमक्ष म्हटले, ‘आपल्या घरात हे अशुभ काही नको.’

नऊ वर्षांची माझी नात काही बोलली नाही. तिने काळ्या कागदाचे एक वटवाघूळ कापून खिडकीला लावले होते. जेवण झाल्यावर ते तिने काढले, नीट घडी केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. रडली असती, हट्ट केला असता, तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री सूनबाई माझ्याजवळ येऊन बसली. ‘आई, तुमचे चुकले असे मी म्हणत नाही,’ ती म्हणाली, ‘पण दरवर्षी ती काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही. पिशवीभर गोळ्या घेऊन येते, जमिनीवर पसरते आणि एकेक वेष्टण वाचते. जिलेटिन असलेल्या बाजूला काढते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत देऊन टाकते. अर्ध्याहून अधिक जातात. कधी तक्रार केली नाही.’ जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून होते, हे त्या मुलीला वाचता येऊ लागल्यापासून ठाऊक होते. व्रत पाळणे आम्हाला सोपे होते, कारण सारी पेठ आमच्यासारखी होती. ती एकटीने पाळत होती.

सकाळी मी नातीला म्हटले, ‘विकत काही आणायचे नाही, जीव जाईल असे काही करायचे नाही, अन्न वाया घालवायचे नाही. एवढे पाळून काय करता येईल ते तू सांग, मी मदत करते.’ तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि वही-पेन्सिल घेऊन आली. त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या स्वयंपाकघरातल्या मेजाने दुसरे काही पाहिले नाही.

सुरुवात पानांपासून झाली. आपल्याकडे पानगळ म्हणजे धुळीत पडलेली करडी पाने. तिथली पानगळ रंगांचा बाजार असतो. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातले हिरवे द्रव्य मोडून आत ओढून घेते, तेव्हा मुळातच पानात असलेला पिवळा रंग वर येतो. मेपलसारख्या काही झाडांत त्याच वेळी लाल रंग नव्याने तयार होतो. मेपल लाल-केशरी, ओक तांबूस तपकिरी, गिंको निव्वळ हळदीसारखा पिवळा. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही, त्यामुळे पाने कोरडी आणि स्वच्छ मिळाली. खाली पडलेलेच पान घ्यायचे, फांदीचे तोडायचे नाही, हा नियम पाच वर्षांच्या नातवानेच घालून घेतला. पान उचलण्यापूर्वी उलटून पाहायचे, किडा-मुंगी असल्यास तसेच ठेवायचे. जे झाडाने आपण होऊन सोडले, ते घ्यायला कोणाची हरकत नसते.

पाने वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर जड पुस्तके ठेवली. आठवड्याने ती कागदासारखी सपाट झाली आणि रंगही बरेचसे टिकले. त्यांतली लहान पाने मेणकागदाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवायची, वर जुने सुती कापड घालायचे आणि वाफ न सोडता मध्यम गरम इस्त्री फिरवायची. मेण वितळून दोन्ही कागद चिकटतात. मात्र पानाभोवती बोटभर कड सोडून कापावे, नाहीतर कागद उकलतो. मेण म्हणताच मी थबकले होते. सूनबाईने डबा वाचून दाखवला; ते मधमाशांचे मेण नव्हते, खनिज तेलापासून निघणारे पॅराफिन होते. अशा रीतीने पुस्तकात ठेवायच्या चाळीस खुणा तयार झाल्या.

पातळ पाने काचेच्या बरण्यांवर लावली. लोणच्या-मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या कोमट पाण्यात ठेवून त्यांवरचे कागद काढायचे, डिंकात तितकेच पाणी घालून कुंचल्याने बरणीवर लावायचे, पान दाबून बसवायचे आणि वरून पुन्हा एक हात फिरवायचा. आत दिवा ठेवला की पानाच्या शिरा न् शिरा दिसतात. इतक्या कोरड्या हवेत सुकल्या पानांजवळ ज्योत नको, म्हणून दिवे बॅटरीचेच वापरले.

चिकटवण्याच्या बाबतीत मला माझे ज्ञान पाजळायची संधी मिळाली. सरस प्राण्यांच्या कातड्याचा, म्हणून तो आमच्या घरात कधी आला नाही. लहानपणापासून सारे काम मैद्याच्या खळीवर. वाटीभर गार पाण्यात दोन चमचे मैदा गुठळी न राहू देता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचे आणि पांढरे पाणी काचेसारखे दिसू लागले की उतरवायचे. लागेल तेवढीच करायची. शिळी खळ ठेवायची नाही, तीत जीव होतात. नातीने हे सारे वहीत उतरवून घेतले. ‘आणि कपड्यांना पण हीच लावायची?’ तिने विचारले. मी सांगितले, ‘हो, तुझ्या आजोबांच्या टोप्यांना हीच असे. कडक उभ्या राहत. आणि धुतली की निघून जाते, कापडाला काही होत नाही.’

केशरी कागदाच्या अर्ध्या इंच रुंदीच्या पंधरा पट्ट्यांचा भोपळाही सुंदर होतो. साऱ्या पट्ट्या एकावर एक ठेवून दोन्ही टोकांना छिद्र पाडायचे, छिद्रांतून पाय दुमडायची पितळी पिन घालायची, पट्ट्यांची कमान करायची आणि मग त्या पंख्यासारख्या गोल पसरायच्या. कागद गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळीचे वरचे टोक दोन बाजूंनी आत दुमडले की आपोआप दोन कान होतात. काळा रंग आणि कागदाचे पंख लावले की वटवाघूळ तयार. मीच म्हटले, ‘तुझे ते खिडकीतले पुन्हा कर.’ तिने एकाऐवजी सहा केली.

खरा भोपळा मात्र कोरू दिला नाही. लहान, गोड जातीचा एक आणला आणि गूळ घालून त्याचे घारगे केले. नातवाच्या मते भोपळ्याचा याहून चांगला उपयोग कोणाला सुचलेला नाही.

त्या वर्षी आणखी एक योग होता. सांगलीला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला. पण घड्याळातल्या अंतरामुळे न्यू जर्सीत अमावास्येची रात्र 31 ऑक्टोबरलाच पडत होती. म्हणजे दिवाळी आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी, एकाच दारात. मी म्हटले, ‘आकाशकंदीलही घरीच करू.’ झाडांना आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या मुलाने चिरून दिल्या, सांगाडा बांधला आणि मी सहज म्हटले, ‘आता लाल-पिवळा जिलेटिनचा कागद हवा.’ नातीचा चेहरा पडला. ‘आजी! जिलेटिन?’ आपल्याकडे सारेजण ज्याला जिलेटिन पेपर म्हणतात तो खरे तर सेलोफेन, आणि तो लाकडाच्या लगद्यातून निघतो. हे मला तिच्याच वडिलांनी त्याच दिवशी समजावले. साठ वर्षे मी त्या कागदाला चुकीच्या नावाने हाक मारीत होते! पोर मात्र वेष्टण वाचायला तयारच होती.

26 ऑक्टोबरला शनिवार होता. दुपारी मी सामायिकाला बसले होते. उठून स्वयंपाकघरात आले तर मेजावर, उन्हाच्या पट्ट्यात, एक पांढरे भूत उभे. बाटलीवर फुगा ठेवून त्यावर खळीत भिजवलेले कापड पांघरले होते. खालचा घेर पसरून वाळत होता. मोठे निगुतीने केलेले काम. मी कौतुकाने जवळ गेले आणि कापडाचा काठ पाहिला. सुताला सूत धरून फाटलेला सरळ काठ. कोपऱ्यात कात्रीचा लहानसा छेद.

मी ओरडले. काय बोलले ते सारे आठवत नाही. आठवते ते एवढेच की, ‘ते तुझ्या आजोबांच्या हातचे शेवटचे होते, तू त्याचे भूत केलेस,’ असे मी नऊ वर्षांच्या मुलीला म्हटले. घरात मी कधी आवाज चढवलेला नव्हता. नातू रडू लागला. सूनबाई धावत आली, तिने पाहिले आणि ती काहीच बोलली नाही. तिला सारे कळले होते, म्हणूनच ती बोलली नाही.

नात मात्र जागची हलली नाही. तिचे ओठ थरथरत होते, पण ती म्हणाली, ‘आजी, मी कापले नाही. डोळेपण कापले नाहीत, कागदाचे लावलेत. ते इतके सरळ होते की मला कापवेना. आणि खळ धुतली की निघते, तूच सांगितलेस.’

मी खुर्चीवर बसले. पोरीने मला न विचारता माझ्या बॅगेतून वस्तू घेतली, हे चुकलेच. तिने तसे कबूलही केले. पण कापडाला तिने इजा केली नव्हती. ज्या सरळपणाचा यजमानांना अभिमान होता, तो तिच्या नजरेला कोणी न सांगता दिसला होता. त्यांच्या हाताची ओळख असलेले त्या घरात मी एकटीच आहे असे मी धरून चालले होते.

थोड्या वेळाने ती जवळ येऊन बसली. ‘आजोबा भूत झालेत का?’ तिने विचारले. मी म्हटले, ‘नाही गं. जीव एक देह सोडतो आणि लगेच दुसरीकडे जातो. कापडात बसून राहायला त्याला वेळ नसतो.’ ती उठली, वाळलेल्या कापडाखालून हळूच बाटली बाहेर काढली, फुग्यातली हवा सोडली. कापड तसेच उभे राहिले. तिने वाकून आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, ‘बरोबर. आत कोणीच नाही.’

मी मुलाला सांगितले, एकतीस तारखेपर्यंत ते राहू दे.

त्या संध्याकाळी सहाच्या आतच सूर्य मावळला. जेवणे त्याआधीच उरकली होती. दारात वर आकाशकंदील, पायऱ्यांवर पानांच्या बरण्या आणि पणत्या, कठड्यावर ते पांढरे भूत आणि शेजारी निळसर हिरव्या रंगाचा एक मोठा कागदी भोपळा. हा रंग नातीने शाळेतून शिकून आणला होता. ज्या मुलांना शेंगदाणे, दूध अशा पदार्थांची अॅलर्जी असते, त्यांना खाण्याखेरीज काही देणारे घर कळावे म्हणून असा भोपळा दारात ठेवतात. 2014 पासून तिकडे ही प्रथा देशभर पसरली आहे. आम्ही पेन्सिली आणि पानांच्या खुणा ठेवल्या होत्या. एक लहान मुलगा वाघाचे सोंग घेऊन आला, आईचा हात धरून. त्याने मूठभर गोळ्यांची अपेक्षाच केलेली नव्हती. भोपळा पाहून तो आईला काही म्हणाला आणि खूण हातात घेऊन कंदिलाच्या उजेडात पानाकडे पाहत राहिला. त्याची आई सूनबाईशी बराच वेळ बोलत होती. इंग्रजी मला फारसे समजले नाही, पण जे नको ते बाजूला काढत बसावे लागणारी मुले फक्त आपल्याच घरी नसतात, एवढे कळले.

समोरच्या हिरवळीवर ते कबरीचे दगड तसेच होते. त्या घरचे वृद्ध गृहस्थ रस्ता ओलांडून आले, आमचा कंदील पाहिला, पणत्या पाहिल्या, आणि मला हात जोडून नमस्कार केला. मी त्यांना घारगे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने आणि मी ते कापड कोमट पाण्यात घातले. कागदी डोळे आधी काढून तिने वहीत चिकटवले. खळ हळूहळू सुटली, पाणी पांढरे झाले. ते आम्ही अंगणातल्या झाडांना घातले. तीन पाण्यांतून काढल्यावर कापड पूर्वीसारखे मऊ झाले, उलट थोडे अधिकच. सव्वा वर्ष घडीत राहून त्याला पडलेली पिवळसर रेघही गेली. उन्हात वाळवले, दुहेरी केले, आणि माझे जुने गाळणे सोडून ते मी नळाला बांधले. ज्या कामासाठी त्यांनी ते फाडले होते, त्या कामाला ते अखेर लागले.

डिसेंबरात मी परत आले. गाळणे तिथेच ठेवले आहे. नात ते रोज सकाळी पिळून वाळत घालते आणि शाळेला जाते, असे सूनबाई फोनवर सांगते. येत्या आषाढात दुकानातून दोन नवी काढायची आहेत, एक इथल्यासाठी आणि एक तिकडे पाठवायला. फाडायचे कसे हे मला पाहून पाहून येते. बोटभर पुढे सरकायचे, मग छेद द्यायचा.